खाशाबा जाधव : बैठका, दूध आणि अर्धा तास

आमच्या भिलाईच्या घरी आजोबांच्या कॉटच्या वर एक लहानशी चौकट आहे. आत वर्तमानपत्रातून कापलेला फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या. लहानपणी मला तो माणूस आमच्याच नात्यातला वाटायचा, कारण दसऱ्याला घरातल्या बाकीच्या तसबिरींबरोबर त्यालाही झेंडूचा हार पडायचा. तो फोटो खाशाबा दादासाहेब जाधव यांचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते. त्यांच्यानंतर असं पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. आजोबा कराडजवळच्या एका गावचे. १९६२ मध्ये एकवीस वर्षांचे असताना फिटर म्हणून स्टील प्लांटमध्ये आले आणि भिलाईचेच झाले. येताना ट्रंकेतून दोन गोष्टी आणल्या, एक हा फोटो आणि दुसरी खाशाबांची कहाणी.

ती कहाणी मी हॉस्टेलमध्ये इतक्यांदा सांगितली आहे की ज्युनिअर्सना पाठ झाली असेल. पण मी ती अर्धीच सांगत होतो, हे गेल्या सप्टेंबरात कळलं.

इंटर-हाउस क्रॉस-कंट्रीला आठवडा राहिला होता. रविवारी सकाळी आम्ही आठ किलोमीटर पळून आलो होतो. दुपारी बराकीत पैज लागली. पैलवान हजार बैठका मारतात, मग कॅडेटनं निदान पाचशे माराव्यात, असा मुद्दा मीच काढला होता. माझा एक मित्र उठला. त्याआधी त्यानं एका दमात पन्नासच्या वर बैठका कधी काढल्या नव्हत्या. दुपारची भाजी आवडली नाही म्हणून तो मेसमधून जवळजवळ उपाशीच आला होता. चारशे वीसच्या पुढे तो खाली बसला तो हसतच बसला, आणि आम्हीही हसलो. तिसऱ्या दिवशी त्याला बंकवरून उतरता येईना. मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या होत्या आणि लघवी कोलासारखी काळपट झाली होती. एम. आय. रूममधून त्याला हॉस्पिटलात हलवलं, पाच दिवस सलाइन लागलं. तो बरा झाला, आता पळतोही. पण त्या बैठका मोठ्यानं मोजणारा मी होतो.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आम्हाला जे समजावलं त्याचा अर्थ असा की त्याच्या मांड्यांचे स्नायू नुसते थकले नव्हते, फुटले होते. स्नायूंच्या पेशींतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात सांडलं होतं आणि मूत्रपिंडातून गाळलं जात होतं. तेच त्या काळ्या रंगाचं कारण. पाणी भरपूर दिलं नाही तर अशा वेळी मूत्रपिंडंच बंद पडू शकतात. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला होता. माझा मित्र चारशे वीस बैठकांत आडवा होतो, मग ज्यांचा दिवसच बैठकांनी उजाडायचा ते खाशाबा ऑलिम्पिकपर्यंत कसे पोचले? म्हणून त्यांचं आयुष्य मी या वेळी बायोलॉजीचं पुस्तक शेजारी ठेवून पुन्हा वाचलं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडला अगदी लागून, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच मुलांतला हा सगळ्यांत धाकटा. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांना तांबड्या मातीत उतरवलं. हे पाचवं वर्ष मी आधी नेहमी गाळायचो, कारण गोष्ट सांगताना हेलसिंकीला लवकर पोचायचं असायचं. खरं म्हणजे सगळं गुपित तिथंच आहे. पाच वर्षांचं पोर पहिल्या दिवशी फार तर दहा बैठका काढणार. पुढच्या महिन्यात पंधरा. हजाराचा आकडा गाठायला त्याच्यापुढे चांगली दहा-पंधरा वर्षं असतात. माझ्या मित्रापुढे एक दुपार होती.

तालमीची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. पहाटे अंधारातच मेहनत सुरू होते, म्हणजे जोर आणि बैठका, मग लढती. नंतर मालिश, मग खुराक. खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदाम घोटून केलेली थंडाई. दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा माती. शिकवणारा तो वस्ताद. आपल्या परेड ग्राउंडवरचे उस्ताद आणि तालमीतले वस्ताद हा एकच शब्द, हे मला आजोबांनी सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

आता या रोजच्या मेहनतीनं शरीरात काय होत असेल ते पाहू. आपले स्नायू मुख्यतः ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या धाग्यांचे बनलेले असतात आणि प्रथिनं बनतात अमिनो आम्लांपासून. मला वाटायचं की एकदा स्नायू तयार झाला की तो भिंतीसारखा उभा राहतो. तसं नाही. मोठ्या माणसाचं शरीर रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि जवळजवळ तेवढीच नव्यानं बांधतं, मग तो माणूस झोपून का असेना. मोडलेल्या प्रथिनांतली बरीचशी अमिनो आम्लं पुन्हा कामाला येतात. जी वाया जातात त्यांची भरपाई जेवणातून होते. दीर्घ आणि कसून मेहनत चालू असताना बांधकाम मंदावतं आणि मोडतोड वाढते. मेहनत थांबल्यावर मात्र बांधकाम जोर धरतं आणि ते एक ते दोन दिवस वाढलेलंच राहतं. पण त्यासाठी माल लागतो. पोटात काही नसेल तर हिशोब तोट्यातच राहतो. म्हणजे स्नायू बैठका मारताना बनत नाही. तो त्यानंतर, थंडाई पिऊन पैलवान आडवा होतो तेव्हा बनतो.

खाशाबांचं शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. नंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापुरात म्हणजे कुस्तीच्या माहेरीच. तिथं शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, गल्लोगल्ली तालमी. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. अंगानं ते थोराड नव्हते. मोठ्या पैलवानांशेजारी उभे राहिले तर विद्यार्थीच वाटावेत असे. त्यांची ताकद चपळाईत होती. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडलं ते त्यामुळेच.

१९४८ मध्ये ते लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. ५२ किलोच्या फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. ऐकायला साधं वाटतं, पण तोवर त्यांची सगळी कुस्ती मातीवर झाली होती आणि तिथं गादी होती. पाय वेगळा सरकतो, पकड वेगळी बसते, नियम वेगळे, गुण वेगळे. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकानं त्यांना थोडे दिवस शिकवलं, तेवढीच तयारी. तिथून परतल्यावर खाशाबांनी पुढच्या चार वर्षांची मेहनत वाढवली.

इथं थोडं थांबून लीबिग या माणसाविषयी सांगायला हवं, कारण आमच्या बराकीतल्या निम्म्या मुलांचा समज तोच आहे जो त्याचा होता. युस्टुस फॉन लीबिग हा जर्मनीचा फार मोठा रसायनशास्त्रज्ञ. १८४२ मध्ये त्यानं असं मांडलं की स्नायू काम करताना स्वतःलाच जाळतो, म्हणून कष्ट करणाऱ्यानं मांस खाऊन ती भर काढावी. पुष्कळ वर्षं लोकांनी ते मानलं. मग १८६५ च्या ऑगस्टमध्ये फिक आणि व्हिस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. तळ्याच्या काठापासून सुमारे दोन हजार मीटर उंच. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनांचा कणही खाल्ला नव्हता, फक्त स्टार्चच्या तळलेल्या वड्या आणि साखरेचा चहा. चढताना आणि नंतर त्यांनी स्वतःची लघवी बाटल्यांत साठवली आणि तिच्यातला नायट्रोजन मोजला. प्रथिनं जळली की त्यातला नायट्रोजन युरिया होऊन बाहेर पडतो, त्यामुळे किती प्रथिनं जळली ते समजतं. हिशोब केला तेव्हा त्या प्रथिनांतून मिळू शकणारी ऊर्जा चढाईच्या कामाच्या निम्मीसुद्धा भरली नाही. बाकीचं काम पिठानं, साखरेनं आणि चरबीनं केलं होतं. दोन प्रतिष्ठित प्राध्यापक बाटल्या सांभाळत डोंगर चढताहेत हे चित्र मला फार आवडतं.

हे मी बाबांना सांगितलं. तेही प्लांटमध्येच आहेत. त्यांनी ब्लास्ट फर्नेसचं उदाहरण दिलं, ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट समजलं. भट्टीत जळतो तो कोक. भट्टीच्या आतून विटांचं अस्तर असतं, ते इंधन नाही. पण इतक्या आचेत तेही थोडं थोडं झिजतंच, आणि काही वर्षांनी भट्टी थंड करून नव्या विटा बसवाव्या लागतात. आपलं ग्लायकोजन आणि चरबी म्हणजे कोक, स्नायूंची प्रथिनं म्हणजे अस्तर. एवढाच फरक की आपल्या शरीरात कोक संपत आला तर ते अस्तरालाही हात घालतं. पोटभर जेवलेला माणूस लांब पळतो तेव्हा लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण ३ ते ५ टक्के वाटा प्रथिनांचा असतो. स्नायूंमधलं ग्लायकोजन रिकामं झालं की हा वाटा १० टक्क्यांपर्यंत चढतो. ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं स्नायूतच जाळली जातात. त्यांचा नायट्रोजन ॲलनिनच्या रूपात यकृताकडे जातो, तिथं उरलेल्या भागाची साखर बनून परत येते आणि नायट्रोजनचा युरिया होतो. घामातूनही थोडा युरिया जातो. म्हणजे लीबिग पूर्ण चुकला नव्हता. उपाशी पैलवानाच्या बाबतीत तो थोडा तरी बरोबर ठरतो. माझ्या मित्राच्या बाबतीतही, कारण सकाळच्या आठ किलोमीटरनंतर त्यानं जेवण टाळलं होतं.

पुन्हा खाशाबांकडे. १९४८ मध्ये ते ५२ किलोच्या गटात होते, १९५२ मध्ये ५७ किलोच्या बँटमवेट गटात. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. चार वर्षांत पाच किलो. आजच्या जाहिराती महिन्याभरात तेवढं वाढवून दाखवतात. इथं पूर्ण वाढ झालेला, रोज कसून मेहनत करणारा तरुण गट बदलतो, आणि तेही दम न गमावता. हे अवघड का, तेही मला आता कळलं. वजन उचलण्यासारख्या व्यायामानं स्नायूत ॲक्टिन-मायोसिनचे धागे वाढतात, स्नायू जाड होतो. लांब पल्ल्याच्या मेहनतीनं त्याच स्नायूत मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं वाढतात. स्नायू फारसा जाड होत नाही, पण दम वाढतो. जॉन होलोझी या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६७ मध्ये उंदरांना पट्ट्यावर पळवून हे दाखवलं. त्यांच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रियाची काही विकरं सुमारे दुप्पट झाली होती. मल्लाला दोन्ही लागतं. समोरच्याला उचलायची ताकद हवी आणि शेवटच्या मिनिटाला ती शिल्लकही राहायला हवी. शेकड्यांनी जोर आणि हजारानं बैठका ही या दोन्हींच्या मधली मेहनत आहे, असं मला वाटतं. होलोझीच्या कितीतरी आधीपासून वस्तादांना ती ठाऊक होती, फक्त मायटोकॉन्ड्रिया हा शब्द ठाऊक नव्हता.

पण दुधाबदामाला पैसे लागतात, आणि हेलसिंकीला जायला तर फारच. १९५२ च्या निवडीत आधी एक अडचण आली. मद्रासच्या स्पर्धेत कलकत्त्याच्या निरंजन दास यांच्यापेक्षा त्यांना एक गुण कमी मिळाला. हा अन्याय आहे असं खाशाबांना वाटलं आणि त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी ती जिंकली. मग प्रश्न राहिला प्रवासाचा. गोळेश्वरच्या लोकांनी आणि कराडच्या दुकानदारांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हे वाक्य मी प्रत्येक वेळी सावकाश वाचतो. आमच्या हाउसमास्तरांनी एखाद्या कॅडेटसाठी घर गहाण टाकलं तर आमची काय अवस्था होईल, याचा विचार केला की पोटात गोळा येतो. खाशाबा ते ओझं घेऊनच विमानात बसले असणार.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ही कुस्ती पंधरा मिनिटांच्या आसपास चालली. ज्यांनी बॉक्सिंगची दीड-दोन मिनिटांची एक फेरी खेळली आहे त्यांना पंधरा मिनिटं म्हणजे काय ते कळेल. इशी जिंकला. पुढे सुवर्णपदकही त्यालाच मिळालं. आणि ती कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. तो दाखवून भांडायला त्या क्षणी तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

या अर्ध्या तासाबद्दल आजोबा अजून चिडतात. गंमत अशी की ज्या देशाच्या मल्लाविरुद्ध ते चिडतात त्याच देशाच्या मदतीनं भिलाईचा कारखाना उभा राहिला. पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली आणि आजोबांनी सुरुवातीची वर्षं रशियन इंजिनिअरांच्या बरोबर काम केलं. त्यांना त्यांनी हा विषय कधी काढून दाखवला नाही म्हणे.

मला मात्र प्रश्न पडला की अर्ध्या तासात शरीरात नेमकं काय भरून निघालं असतं. शरीरात वेगवेगळी घड्याळं चालतात. पहिल्या काही सेकंदांच्या झटापटीचं इंधन म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. ते चार-पाच मिनिटांत बरंचसं परत भरतं. स्नायूत आणि रक्तात साचलेलं लॅक्टेट उतरायला अर्ध्या ते एका तासाच्या आसपास लागतो. रिकामं झालेलं ग्लायकोजन भरायला नीट जेवून जवळजवळ एक दिवस जातो. मोडलेल्या प्रथिनांच्या दुरुस्तीला एक ते दोन दिवस, आणि ती खरोखर फुटली असतील, माझ्या मित्रासारखी, तर आठवडे. म्हणजे त्या अर्ध्या तासानं खाशाबांचा एकही स्नायू दुरुस्त झाला नसता. पण श्वास खाली आला असता, हातात पकड परत आली असती. ते जिंकलेच असते असं मी म्हणणार नाही, मम्मदबेयोव कच्चा मल्ल नव्हता. मात्र अर्धा तास हा आकडा कुणी उगाच घातलेला नव्हता. शरीराच्या एका घड्याळाशी तो जुळतो.

परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या होत्या. एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या वाटेला सात तास लागले. आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे. गर्दीत त्यांना खाशाबा दिसले नाहीत, बैलांची रंगवलेली शिंगंच दिसली, असं ते प्रामाणिकपणे सांगतात. गाव मिरवणुकीतून बाहेर येतं न येतं तोच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या आणि जिंकलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डीकरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिम्पिकचं पदक जिंकलेला माणूस घरी येऊन कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरतो. त्या कुस्त्यांची नोंद कुठल्या ऑलिम्पिकच्या पुस्तकात नसेल, पण मला त्या हेलसिंकीपेक्षा कमी वाटत नाहीत.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते वाचताना वाईट वाटतं. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक हुकलं. गुडघ्यातल्या अस्थिबंधांना आणि कूर्चेला रक्तपुरवठा कमी असतो. त्यांचीही प्रथिनं बदलतात, पण स्नायूपेक्षा फार सावकाश. मांडी आठवड्यांत सावरते, गुडघा सावरत नाही. १९५५ मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून भरती झाले होते. तिथं त्यांनी इमानेइतबारे नोकरी केली, पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, दुसऱ्यांना शिकवलं आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या मशाल दौडीत त्यांना बोलावलं होतं. दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला आता त्यांचं नाव आहे.

आमच्या बराकीत यावर चर्चा झाली तेव्हा ती शेवटी पावडरच्या डब्यांवर आली, कारण सध्या सगळ्या चर्चा तिथंच येतात. म्हणून मी मेसच्या जेवणाचा हिशोब मांडला. मोठ्या माणसाला किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. लांब पल्ल्याची मेहनत करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. पन्नास किलोच्या कॅडेटला म्हणजे ६० ते ८० ग्रॅम. पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, एका अंड्यात ६, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम फुटाण्यांत १० च्या आसपास. त्यात डाळ, पोळ्या, पनीर किंवा चिकन धरलं की आकडा गाठता येतो, फक्त ताटात वाढलेलं खायला हवं. डब्यातल्या पावडरच्या एका चमच्यात २० ते २५ ग्रॅम असतात आणि ती बहुतेक वेळा दुधातल्याच निवळीपासून केलेली असते. तिच्यात विष नाही आणि जादूही नाही. पण भात-पोळी टाकून नुसती पावडर पिणारे सीनिअर मी पाहिले आहेत. म्हणजे कोक न घालता भट्टीत विटाच भरायच्या. त्या विटा अस्तराला न लागता जळूनच जाणार.

माझा मित्र सहा आठवड्यांनी परत पळायला लागला. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी त्याला फक्त चालायला परवानगी दिली होती, मग दोन मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल. पाणी किती प्यायचं तेही ठरवून दिलं होतं. क्रॉस-कंट्रीत या वर्षी तो नव्हता, आमचं हाउस तिसरं आलं. मला त्याची माफी मागायची होती, ती मी मागितली. त्यानं ती मान्य केली आणि वर माझ्याकडून बैठका मोजण्याचं काम कायमचं काढून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. घर भिलाईतच आहे, पण हॉस्टेलचं फाटक सुट्टीतच उघडतं. आजोबांना सगळं सांगितलं. ते स्वतः लहानपणी गावच्या तालमीत राहिले आहेत. मी विचारलं, तेव्हा खाणंपिणं आणि बैठका सोडून आणखी काय असायचं. ते थोडा वेळ आठवत बसले आणि मग म्हणाले की जेवण झालं की वस्ताद तालमीचं दार आतून लावून घ्यायचे, आणि चार वाजेपर्यंत कुणी डोळा उघडलेला दिसला तर त्याच्या पाठीत काठी बसायची. मी विचारलं की ही गोष्ट इतक्या वर्षांत कधीच कशी सांगितली नाही. त्यावर त्यांचं म्हणणं पडलं की झोपेत सांगण्यासारखं काय असतं.